उत्पन्न: पुरेसं

आपलं गाव गरीब आहे हे सिद्ध करून दाखवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. नुसतं गरीब असणं त्या मानाने सोपं आहे, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सिद्ध करायला मात्र फॉर्म लागतो, आणि त्या फॉर्मच्या चौथ्या पानावर सही करायला बँकेचा एक उपाध्यक्ष लागतो. तो मी.

'उपाध्यक्ष' ऐकून कुणी दबकू नये. आमच्या नॉर्बी गावच्या बँकेत माणसं सहा, आणि त्यांत उपाध्यक्ष तीन. ज्या वर्षी पगार वाढवता येत नाही त्या वर्षी आमचा अध्यक्ष, कर्टिस नायगार्ड, हुद्दा वाढवतो. माझ्या टेबलावर पितळी पाटी आहे: ऑरिन बाकेलुंड, उपाध्यक्ष. पाटीचा खर्च बँकेने केला, याची कर्टिस अधूनमधून आठवण करून देतो.

मे महिन्यात लोवेलने आपलं किराणा दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. गावात दुकान तेवढं एकच. लोवेलचे दोन्ही गुडघे गेले होते, मुलं शहरात गेली होती, आणि पुढचं दुकान एकतीस मैलांवर. मिनेसोटात जानेवारीत एकतीस मैल जाऊन दूध आणायचं म्हणजे आधी मृत्युपत्र करून ठेवावं. म्हणून चर्चच्या तळघरात सभा झाली. प्रत्येक घराने शंभर डॉलरचा एक भाग घ्यायचा, सहकारी दुकान काढायचं आणि उरलेले साठ हजार बँकेने भागीदार म्हणून घालायचे, असं ठरलं. टाळ्या झाल्या. मला टाळ्या सोसत नाहीत. मी उभा राहून म्हणालो, "कागदपत्रांचं मी बघतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण खरं सांगायचं तर मी उठलो तो समोरच्या रांगेतल्या क्वामेबाईंकडे बघून. आर्डिस क्वामे. अर्ध्या गावाला तिसरीत त्यांनी शिकवलं, मलाही. वय त्र्याऐंशी, नजर अधू, गाडीचा परवाना वसंतात परत केलेला. रोज सकाळी चाकांची पिशवी ओढत लोवेलकडे जायचं, दूध, पाव आणि वाटलं तर सहा अंडी घ्यायची, हा त्यांचा नेम. मुलीने ॲरिझोनात वृद्धांच्या निवासात त्यांच्यासाठी खोली धरून ठेवली होती, एक नोव्हेंबरपर्यंत. "तुमचं सामान मी आणून देत जाईन" असं दहा जणांनी म्हणून झालं होतं. बाई दहाही जणांना नको म्हणाल्या होत्या.

"दुकान उघडलं तर मी इथे, नाही तर वाळवंटात," बाई मला म्हणाल्या. "तिथे लोक चर्चलासुद्धा अर्ध्या चड्डीत जातात म्हणे."

आता मुद्द्याचं. बँकेने कर्ज द्यावं, भागीदारी करू नये, असा सरकारचा दंडक. अपवाद एकच: त्या भागीदारीचा फायदा मुख्यतः कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या माणसांना होत असेल, तर आधी फॉर्म भरून परवानगी मागायची. मी फॉर्म बघितला. चार पानं. म्हटलं, एका दुपारचं काम.

घोडं पहिल्याच पानावर अडलं. सरकार जनगणनेच्या नकाशावरून बघतं की तुमचा भाग गरीब आहे की नाही. नकाशात आमचं गाव आणि सात मैलांवरचं तळं एकाच चौकटीत. तळ्याकाठी मिनिआपोलिसच्या दातांच्या डॉक्टरांचे बंगले. ते उन्हाळ्यात सहा आठवडे येतात, मासे पकडतात आणि परत पाण्यात सोडून देतात. त्यांचं आणि आमचं उत्पन्न एकत्र करून सरासरी काढली, की नॉर्बीचा माणूस चांगला खाऊनपिऊन सुखी निघतो.

वॉशिंग्टनला फोन लावला. आमची फाईल ज्यांच्याकडे आली त्यांचं नाव मिस ओकॅम्पो. आवाज मऊ, आणि माझ्याइतकाच दमलेला.

"नकाशा चालत नसेल तर घरोघर पाहणी करा," त्या म्हणाल्या. "नाव नको. घरात माणसं किती आणि वर्षाचं उत्पन्न किती, एवढंच. जेवढे कागद परत येतील त्यांतले निम्म्याहून जास्त आमच्या तक्त्यातल्या रेषेखाली हवेत."

"एवढंच ना?"

"एवढंच," त्या म्हणाल्या, आणि त्या 'एवढंच'मध्ये त्यांची पुष्कळ वर्षांची नोकरी मला ऐकू आली. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

गावातल्या कॉफीच्या टेबलावर ही बातमी पोचली. तिथे वेंडेल बसतो. आयुष्यभर बियाणं विकलं, आता सल्ले देतो. दोन्ही धंद्यांत त्याने उगवेल याची हमी कधी दिली नाही.

"छापील कागद पाठव," तो म्हणाला. "आणि शाई निळी वापर. निळ्या शाईला लोक खरं बोलतात."

मी निळ्या शाईत शंभरेक कागद छापले आणि पोस्टाने पाठवले. आठवड्यात सगळे परत आले, वेळेवर, घडी नीट घालून. या गावात कागद बुडवणारा माणूस नाही. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र एकाने 'चाललंय' लिहिलं होतं. दुसऱ्याने 'वाईट नाही'. तिसऱ्याने 'याहून वाईट दिवस पाहिलेत'. एका घराने आकडा न देता सरकारचीच चौकशी केली होती: 'तुमचं कसं चाललंय?' आणि पुस्तकी, उजवीकडे किंचित झुकलेल्या अक्षरात, जे अक्षर मी तिसरीच्या वहीत लाल शाईत पाहिलं होतं, एकच शब्द: 'पुरेसं.'

बाकीच्या बिचाऱ्यांनी तेवढे आकडे घातले होते. पण झाडून सगळ्यांनी रेषेच्या थोडा वरचा. शेजाऱ्यापेक्षा कमी नको आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत येईल इतका जास्तही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्या गावाने मूठ झाकली आणि हिशेब केला तर आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या बरोबरीला आलो.

मिस ओकॅम्पोंनी विचारलं, "'पुरेसं' हा आकडा कोणत्या रकान्यात धरू?"

'पुन्हा पाहणी करतो' म्हणालो.

दुसऱ्या खेपेला सल्ला चर्चच्या पास्टरीणबाईंचा. लोकांना टपालाची लाज वाटते, त्यापेक्षा रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलाजवळ एक बंद पेटी ठेवू, कोरे कागद ठेवू, ज्याने त्याने गुपचूप आकडा लिहून टाकावा. मला पटलं. मी पेटीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी'.

दुपारी पेटी उघडली. आत एकही आकडा नव्हता. आत एकशे सदतीस डॉलर होते, एक बटण होतं आणि एक चिठ्ठी होती: 'जे कुणी असतील त्यांना देव सांभाळो. आणखी लागले तर सांगा.'

मी त्या पेटीसमोर लहान मुलांच्या खुर्चीत किती वेळ बसलो होतो कोण जाणे. रागवावं तर कुणावर? माझ्या गावाने गरिबांसाठी वर्गणी काढली होती, आणि ते गरीब म्हणजे तेच होते.

बरं, पैसे गप्प खिशात घालता येत नाहीत. मी नियमाने कळवलं. मिस ओकॅम्पोंनी पुन्हा विचारून घेतलं.

"म्हणजे ज्यांना लाभ द्यायचा त्यांनीच दान दिलं?"

"हो."

"बाकेलुंड, याला माझ्याकडे रकाना नाही."

ते पैसे कुठे दाखवायचे यावर दोन पत्रं, एक जोडपत्र आणि पास्टरीणबाईंची सही, यांत जुलै गेला. बटण कुणाचं ते कळलं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी फाईल बंद होणार होती. कर्टिस रोज माझ्या टेबलापाशी थांबून पाटीकडे बघायचा आणि म्हणायचा, "घाई नाही, ऑरिन." आमच्याकडे घाई असली म्हणजे असंच म्हणतात.

घरी एकदा जेवताना मी डोकं धरून बसलो होतो. माझी बायको जनेल शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करते, आणि उरलेला वेळ माझ्या चुका काढते. त्या कामाला पगार नाही.

"तू लोकांना किती वेळा विचारलंस?" ती म्हणाली.

"दोनदा. एकदा टपालाने, एकदा पेटीने."

"आणि तू याच गावात जन्मलास ना? कॉफी घेणार का म्हटलं तर इथे लोक पहिल्यांदा काय म्हणतात?"

"नको."

"दुसऱ्यांदा?"

"त्रास नको घेऊस."

"आणि तिसऱ्यांदा?"

"असेलच केलेली तर अर्धा कप."

"मग?" असं म्हणून तिने माझ्या ताटात बटाटे वाढले. मी नको म्हटलं नव्हतं.

बारा वर्षं उपाध्यक्ष असून ही गोष्ट मला बायकोने सांगावी लागली, हे मी तुम्हाला सांगतोय, पण कर्टिसला सांगितलेलं नाही.

तर तिसरी खेप, दारोदार. पण दारात जाऊन लगेच उत्पन्न विचारता येत नाही. आधी ते कॉफी विचारणार. मी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायची. मग हवेवर बोलायचं. मग त्यांच्या भावाच्या ट्रॅक्टरवर बोलायचं. मग मी आकडा विचारायचा, ते 'चाललंय' म्हणणार. पुन्हा विचारायचं, ते 'आमच्यापेक्षा गरजू आहेत की' म्हणणार. मग तिसऱ्यांदा विचारायचं, आणि मग माणूस खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, खरा आकडा सांगायचा. रोज नऊ घरं म्हणजे नऊ कप. पाचव्या दिवशी माझे हात थरथरायला लागले आणि लोकांना वाटलं मीच काही लपवतोय.

वेंडेलने आकडा सांगितला तेव्हा मी लिहायचा थांबलो. एवढ्यावर हा माणूस रोज टेबलावरच्या सगळ्यांच्या कॉफीचे पैसे देत होता. "गप्प लिही," तो म्हणाला. "आणि शाई काळी वापर, निळ्याने काही झालं नाही." मला त्याचा फार लोभ वाटला. तसं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी ट्रॅक्टरवर बोललो.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी हिशेब केला. कागद अठ्ठ्याण्णव. रेषेखाली एकोणपन्नास. बरोबर निम्मे. हवे होते निम्म्याहून जास्त. राहिलं होतं एकच घर, आणि मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. क्वामेबाईंचं 'पुरेसं' किती असणार याबद्दल मला शंका नव्हती. शिक्षिकेचं निवृत्तिवेतन, पंचवीस वर्षांचा कोट आणि सहा अंडी. एक कागद आला की पन्नास आणि आपण सुटलो.

बाईंकडे कॉफीचा सगळा विधी झाला. मग मी विचारलं.

"पुरेसं आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, आकडा लागतो."

"नको, ऑरिन. राहू दे."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या घराचा कागद कुठे आहे?"

"माझा कशाला? मी बँकेचा."

"बँकेत राहतोस का?"

"नाही."

"मग लिही. तुझा बघितल्याशिवाय मी माझा देणार नाही."

मी हसत तक्ता काढला. कुटुंबात माणसं चार. माझा पगार, त्यात जनेलचा अर्धवेळ. बेरीज केली. रेषा पाहिली. पुन्हा बेरीज केली, कारण बेरजेत चूक असणार. मग तक्त्यातलं वर्ष तपासलं, कारण तक्ता जुना असणार. तक्ता याच वर्षीचा होता. मी रेषेच्या अकराशे डॉलर खाली होतो. पितळी पाटीसकट.

कान तापले. इतके दिवस मी दारोदार हिंडून लोकांना समजावत होतो, यात लाजण्यासारखं काही नाही म्हणून. आता मला इतकी लाज वाटली की कागद गिळून टाकावासा वाटला.

"लिहिलंस?" बाई म्हणाल्या.

"लिहिलं."

"वर की खाली?"

"खाली."

बाईंनी मान हलवली, तिसरीत गणित बरोबर आलं की हलवायच्या तशी. मग स्वतःचा कागद भरला आणि माझ्यापुढे सरकवला. मी आकडा वाचला. शून्यं मोजली. पुन्हा मोजली.

"बाई, हे काय आहे?"

"आमच्या ह्यांची, गुस्तावची जमीन. सातशे एकर. खंडाने दिलेली आहे," त्या खाली मान घालून म्हणाल्या, दारू पितो असं कुणी कबूल करावं तशा. "गावात कुणाला माहीत नाही. सांगशील तर याद राख."

"मग तुम्हीच का नाही साठ हजार दिलेत?"

"आणि गावभर कळू देऊ?"

माझा कागद धरून नव्व्याण्णवांत पन्नास होत होते. बाईंचा धरला की शंभरांत पन्नास. पुन्हा निम्मे. ज्या बाईंसाठी चार महिने कॉफी पीत हिंडलो, त्यांच्याच श्रीमंतीने दुकान बुडत होतं. मी ते त्यांना सांगितलं. लपवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. त्याच्या चार घड्या केल्या.

"कागद देणं सक्तीचं आहे?"

"नाही. ज्याची त्याची मर्जी."

"मग तिसऱ्यांदा विचार."

"बाई, तुमचं उत्पन्न किती?"

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "हे तिसरं 'नाही', म्हणजे खरं." आणि कागद स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात गेला, अंड्यांच्या टरफलांखाली.

फाईल त्याच दुपारी गेली. संध्याकाळी मी जनेलला फार गंभीरपणे समोर बसवलं आणि सांगितलं की सरकारी तक्त्याप्रमाणे आपणही रेषेखालचे आहोत. तिने सोलायचा बटाटा खाली ठेवला नाही.

"हे तुला तक्ता वाचून कळलं?" ती म्हणाली. "मी सतरा वर्षं हे घर चालवतेय, ऑरिन."

सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आलं: हरकत नाही. मी खुर्चीत मागे टेकलो. मग दुसरं पान उलटलं. अट होती. दुकानाने रेषेखालच्या घरांना दहा टक्के सवलतीचं कार्ड द्यावं, आणि महिन्याअखेर किती घरांनी ते वापरलं हे कळवावं. कुणीच वापरलं नाही तर परवानगीचा फेरविचार होईल.

दुकान उघडलं. लोवेलची भाची क्रिस्टा गल्ल्यावर बसली. पन्नास घरांना साध्या पाकिटातून निळी कार्डं गेली. क्वामेबाई पहिल्या दिवशी दार उघडायच्या आधीच पिशवी घेऊन उभ्या होत्या. तीन आठवडे दुकानात रोज गर्दी, आणि कार्ड एकानेही काढलं नाही. सगळे पूर्ण पैसे देऊन, 'चाललंय' म्हणून घरी जायचे. मी स्वतः दोनदा गेलो, आणि दोनदा कार्ड खिशातच राहिलं. एक नोव्हेंबर दहा दिवसांवर आला होता, आणि बाईंची ॲरिझोनातली खोली अजून त्यांच्याच नावावर होती.

त्या शनिवारी मी आणि जनेल दोघं गेलो. रांगेत सात-आठ माणसं. वेंडेल आमच्या मागे, त्याच्या मागे क्वामेबाई. क्रिस्टाने आमचं सामान मोजलं. जनेलने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, निळं कार्ड काढलं आणि गल्ल्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं.

"आमचं कार्ड," ती म्हणाली, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्याने. "दहा टक्के."

मी बटाट्यांच्या ढिगाकडे बघू लागलो. उपाध्यक्षाची बायको. कुणीतरी खाकरलं. क्रिस्टाने दहा टक्के कापले आणि पुढचा नंबर घेतला. वेंडेलने टोपी काढली, टोपीच्या आतल्या पट्टीतून कार्ड ओढून काढलं आणि छताकडे बघत पुढे केलं. मागून पाकिटांचे, पर्सचे आवाज सुरू झाले.

बाईंची पाळी आली. सहा अंडी, दूध, पाव. क्रिस्टा मायेने म्हणाली, "बाई, तुमचं कार्ड?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ताठ मानेने पूर्ण पैसे मोजले.

"घरी विसरले," त्या म्हणाल्या.

महिन्याअखेर मी अहवालात आकडा भरला: एकतीस. मिस ओकॅम्पोंनी फोन करून विचारलं की यात कुणी राहून तर गेलं नाही ना. मी सांगितलं, एक कार्ड घरी विसरलंय, ते धरलेलं नाही.